शेक सुरू होण्याआधी

१. पेशंटच्या भाषेत मी 'शेक देणारा डॉक्टर', म्हणजे कॅन्सरवर किरणोपचार करणारा. ओटीपोटावर रोज थोडा थोडा, २५ दिवसांत ४५ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप), हे मी झोपेतही सांगेन. अंडाशयातली निम्मी स्त्रीबीजं मरायला २ ग्रेसुद्धा लागत नाहीत, हेही परीक्षेपुरतं पाठ होतं. या दोन आकड्यांची गाठ मात्र पेशंटसमोर कधी पडली नव्हती.

२. ती पाडली एका २४ वर्षांच्या मुलीनं. गुदाशयाचा कॅन्सर, उपचार संपून वर्ष झालेलं, रिपोर्ट स्वच्छ, मी खुशीत. तिनं विचारलं, "सर, पाळी कधी येईल?" आई पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली. मी म्हणालो, "सही केलीस त्या फॉर्मवर लिहिलं होतं ना." इंग्रजीत लिहिलं होतं. आजही आठवलं की कान तापतात.

३. बीजं आधीच का वाचवली नाहीत, तर 'वेळ कुठे होता?' ही माझी लाडकी सबब. स्त्रीबीजं गोठवायला साधारण दोन आठवडे लागतात, पुढच्या पाळीची वाट बघावी लागतेच असंही नाही. तेवढे दिवस आमच्याकडे एमआरआयचा नंबर आणि विम्याची मंजुरी यातच जातात! दुर्बिणीनं अंडाशय वर सरकवून ठेवण्याचं ऑपरेशनही असतं. सर्जन तिथे बारीक क्लिपा लावतो, त्या स्कॅनवर बघून मी किरण चुकवतो. दर वेळी साधतंच असं नाही.

४. गर्भाशयाचं सांगताना जीभ जड होते. बीजं वाचली तरी शेकलेल्या पिशवीत गर्भ टिकणं कठीण. ब्राझीलच्या रेइतान रिबेइरो यांनी गर्भाशयच तात्पुरतं वर हलवून दाखवलं, ते २०१७ साली प्रसिद्ध झालं. आपल्याकडे ते अजून रोजचं नाही. उरते सरोगसी. २०२१ च्या कायद्यांत अविवाहित मुलीला ती वाट बंद, आणि गोठवलेली बीजं ठेवायची मुदत एरवी १० वर्षं. म्हणजे आजारातून उठायचं, लग्न करायचं, सगळं घड्याळ लावून.

५. पुढे मूल हवं का, हे विचारायचं कुणाला, हेही उशिरा उमगलं. मी आईला विचारायचो, सासूला, एकदा तर भावाला. "आधी ती वाचू दे," हे उत्तर ठरलेलं; चूक कसं म्हणू? आता सगळ्यांना चहाला पिटाळतो आणि नर्सताईंना बसवून तिच्याशीच बोलतो. अशी पहिली मुलगी मुलाबाळांबद्दल बोललीच नाही. म्हणाली, "बघायला येणाऱ्यांना सांगावं लागेल का?" मी पेनाचं टोपण काढत-घालत बसलो.

६. तुमच्या घरातल्या मुलीला ओटीपोटावर शेक सांगितला असेल, तर शेक आखण्यासाठीच्या (प्लॅनिंगच्या) स्कॅनआधी हा विषय काढा. डॉक्टर घाईत दिसला तरी काढा. नंतर माझ्या हातात हार्मोनच्या गोळ्या लिहून देण्यापलीकडे फारसं काही उरत नाही.