समुद्रतळाचे दफ्तर : सूक्ष्म कवचे आणि हवामानाचा इतिहास



मराठेशाहीच्या इतिहासाचा अभ्यास करताना बखर आणि दफ्तर यांतील भेद आपल्या लक्षात आलाच असेल. बखर बहुधा घटनेनंतर, स्मरणाच्या आणि ऐकीव माहितीच्या आधारे लिहिली जाते. दफ्तरातील कागद मात्र त्या त्या दिवसाच्या व्यवहारातून निर्माण होतो. पुढे आपल्याला कोणी वाचणार आहे, याची त्याला कल्पनाही नसते. म्हणूनच संशोधक त्याला अधिक मोल देतो. पृथ्वीच्या हवामानाचेही असे एक दफ्तर आहे. ते समुद्राच्या तळाशी, गाळात साठलेले आहे आणि त्यातील कागद म्हणजे वाळूच्या कणाएवढी कवचे होत. प्रस्तुत घटकात आपण या कवचांचा परिचय करून घेणार आहोत. परंतु आपला मुख्य विषय त्यांचे वाचन हा आहे. कागद अस्सल असला म्हणजे त्याचा अर्थ आपोआप लागतो असे नाही, ही गोष्ट या कवचांच्या बाबतीत फार ठळकपणे दिसून येते.

छिद्रधारी जीव

फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव असून बहुतेक समुद्रात राहतात. लॅटिन भाषेतील 'छिद्र' आणि 'धारण करणे' या अर्थांच्या शब्दांपासून त्यांचे नाव बनले. मराठीत त्यांना 'छिद्रधारी' म्हणता येईल. यांपैकी अनेक जाती समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम व कार्बोनेट घेऊन स्वतःभोवती चुन्याचे कवच रचतात. जीव वाढतो तसतसा कवचाला एकेक कप्पा जोडला जातो. बहुसंख्य कवचे एक मिलिमीटरपेक्षा लहान असतात. याला अपवादही आहेत. न्यूम्युलाइट हे त्यांचे प्राचीन भाईबंद नाण्याएवढे असत. कच्छमधील इओसीन काळाच्या खडकांत ते सापडतात आणि गिझाच्या पिरॅमिडांचा चुनखडकही त्यांनी भरलेला आहे. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या जेवणातील उरलेली मसूर दगड होऊन पडली आहे, अशी त्यांच्याविषयीची समजूत स्ट्रेबो या प्राचीन भूगोलकाराने नोंदवून ठेवली आहे.

फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ आल्सिद दॉर्बिन्यी याने १८२६ मध्ये या गटाला नाव दिले, परंतु त्याने त्यांना माकुळाच्या जातकुळीतील प्राणी मानले. १८३५ मध्ये फेलिक्स द्यूजार्दँ याने हे जीव त्याहून कितीतरी साधे आहेत, हे दाखवून दिले. कवचाच्या सुबक वेटोळ्यांकडे पाहिले असता दॉर्बिन्यीचा समज अगदीच अस्वाभाविक वाटत नाही.

आपल्या दृष्टीने यांच्या राहणीतील एक भेद महत्त्वाचा आहे. सुमारे ५० जाती पाण्याच्या वरच्या थरांत तरंगत जगतात. त्यांना प्लवक जाती म्हणतात. इतर हजारो जाती तळाच्या गाळात किंवा गाळावर राहतात. तरंगणाऱ्या जीवाचे आयुष्य संपले की त्याचे रिकामे कवच खाली जाते आणि तळवासी जीवांच्या कवचांशेजारी विसावते. म्हणजे गाळाच्या एकाच चिमटीत पृष्ठभागाची आणि खोल तळाची अशा दोन्ही ठिकाणच्या पाण्याची साक्ष एकत्र मिळते. हा भेद ध्यानात ठेवावा; पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

खुल्या महासागरात असा गाळ हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर साठतो. पोकळ नळी तळात रोवून काढलेल्या गाळाच्या उभ्या दंडाला गाभा म्हणतात. जर्मन 'मेटिऑर' जहाजाने १९२५ ते १९२७ या काळात अटलांटिकमधून काढलेले गाभे सुमारे एक मीटर किंवा त्याहून कमी लांबीचे होते. तरीही त्यांवरून वोल्फगांग शॉट याने १९३५ मध्ये एक महत्त्वाचा निष्कर्ष काढला. उबदार पाण्यात राहणारी ग्लोबोरोटालिया मेनार्डाय ही जाती वरच्या थरात होती, मधल्या थरात नव्हती आणि त्याखाली पुन्हा होती. मधला थर शेवटच्या हिमयुगाचा होता. पुढे १९४७-४८ च्या स्वीडिश 'अल्बाट्रॉस' मोहिमेत कुलेनबेर्गच्या दट्ट्याच्या नळीने कितीतरी लांब गाभे मिळू लागले आणि हे दफ्तर लाखो वर्षे मागे गेले.

या दफ्तरात उणिवाही आहेत. साधारण चार ते पाच किलोमीटरपेक्षा अधिक खोलीवर चुन्याचे कवच विरघळून जाते. तेथील पाने कोरीच राहतात. शिवाय तळावरील किडे गाळ उकरत असल्यामुळे लगतच्या शतकांची सरमिसळ होते. एखाद्या वर्षाची हकिकत येथे शोधू नये.

एका संख्येचे दोन अर्थ

कवचातील ऑक्सिजनचे सर्वच अणू सारख्या वजनाचे नसतात. हजारांत साधारण दोन अणू १८ वजनाचे आणि बाकीचे जवळजवळ सर्व १६ वजनाचे असतात. अशा अणूंना समस्थानिक म्हणतात. मूलद्रव्यांच्या कोष्टकात त्यांचे स्थान एकच असते, म्हणून हा शब्द; आपल्या परिभाषेतील नेमक्या शब्दांपैकी तो एक आहे. हॅरल्ड यूरी या रसायनशास्त्रज्ञाने १९४७ मध्ये असे दाखवले की, पाणी जितके थंड तितके त्यात तयार होणाऱ्या चुन्यात जड ऑक्सिजनचे प्रमाण किंचित अधिक असते. म्हणजे कवच हा एक तापमापकच ठरतो. चेझारे एमिल्यानी याने ही पद्धत लांब गाभ्यांतील कवचांना लावली आणि १९५५ मध्ये हिमयुगांच्या चढउतारांचा आलेख प्रसिद्ध केला. उष्ण काळांना विषम आणि शीत काळांना सम क्रमांक देण्याची त्याची पद्धत आजही चालते. आपण सध्या पहिल्या क्रमांकाच्या काळात राहतो.

परंतु येथे एक अडचण होती. अलंकारशास्त्रात आपण श्लेष अभ्यासला आहे : शब्द एक, अर्थ दोन. कवचातील जड ऑक्सिजनची संख्याही अशीच श्लिष्ट आहे. समुद्राचे पाणी वाफ होऊन जाते तेव्हा हलका ऑक्सिजन असलेले पाणी अधिक सहजतेने जाते. एरवी ते पावसाच्या आणि नद्यांच्या वाटेने समुद्रात परत येते. हिमयुगात मात्र ते बर्फाच्या प्रचंड थरांच्या रूपाने जमिनीवर अडकून पडते. मागे उरलेल्या समुद्रात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढते आणि त्यातून घडणारे कवचही जड होते. थंडीमुळेही कवच जड होते आणि बर्फ वाढल्यानेही. दोन्ही कारणे एकाच वेळी, एकाच दिशेने काम करतात. मग वाढलेली संख्या वाचताना थंडी किती आणि बर्फ किती, हे कसे ठरवावे? एमिल्यानीने बर्फाचा परिणाम विचारात घेतला होता. पण मोठा वाटा त्याने तापमानाला दिला.

पुढील परिच्छेद वाचण्यापूर्वी थोडे थांबून विचार करावा. वर सांगितलेल्या प्लवक आणि तळवासी या भेदाच्या आधारे हा श्लेष कसा सोडवता येईल?

निकोलस शॅकल्टन या इंग्रज संशोधकाने १९६७ मध्ये मांडलेला युक्तिवाद असा. खोल समुद्राच्या तळाचे पाणी आजही गोठणबिंदूच्या फारसे वर नाही. हिमयुगात ते आणखी थंड होऊन होऊन किती होणार? तापमान हेच प्रमुख कारण असेल, तर तळवासी जीवांच्या कवचांत फरक अगदी थोडा दिसायला हवा. प्रत्यक्षात तो पृष्ठभागावरील कवचांतील फरकाच्या जवळपास तेवढाच दिसला. अर्थात मुख्य कारण बर्फ हे होते. ज्याला तापमानाचा आलेख समजले गेले, तो बऱ्याच अंशी जमिनीवर साठलेल्या बर्फाचा आलेख निघाला. एमिल्यानीची मोजमापे यामुळे खोटी ठरली नाहीत; बदलला तो त्यांचा अर्थ. एवढ्या साध्या तर्काने एवढा मोठा निर्णय व्हावा, असे उदाहरण विज्ञानात क्वचितच आढळते.

बर्फाचा आलेख हा पर्यायाने समुद्रपातळीचाही आलेख होय. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होता. मुंबईसमोरचा विस्तीर्ण उथळ समुद्रतळ त्या काळी कोरडी जमीन होता. पुढे १९७६ मध्ये हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी दक्षिण हिंदी महासागरातील दोन गाभ्यांत सुमारे १ लाख, ४१ हजार आणि २३ हजार वर्षांच्या आवर्तनांची नोंद केली. पृथ्वीच्या कक्षेचा आकार, अक्षाचा कल आणि अक्षाची डुलती गती यांच्या कालावधींशी ही आवर्तने जुळतात. मिलुतिन मिलांकोविच या सर्बियन गणितज्ञाने या कारणांकडे पूर्वीच लक्ष वेधले होते. त्यांचा पुरावा या कवचांतून मिळाला.

अरबी समुद्रातील मान्सूनची नोंद

कवचाची रासायनिक तपासणी न करता केवळ जातींची गणती करूनही बरेच काही समजते. आपल्याला जवळचे उदाहरण अरबी समुद्राचे आहे. जूनपासून नैऋत्य वारे सोमालिया व ओमान यांच्या किनाऱ्याला समांतर वाहतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याच्या जागी खालचे थंड, पोषकद्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते. ग्लोबिजेरिना बुलॉइड्स ही एरवी थंड प्रदेशांत आढळणारी जाती या काळात तेथे विपुल वाढते. वारा जितका जोरदार, तितकी ही कवचे अधिक. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने हांबुर्ग विद्यापीठाच्या सहकार्याने १९८६ पासून अरबी समुद्रात नरसाळ्याच्या आकाराची भांडी खोलवर टांगून ठेवली आणि खाली पडणारा गाळ कालक्रमाने गोळा केला. पश्चिमेकडील भांड्यात नैऋत्य मान्सूनच्या महिन्यांत बुलॉइड्सची कवचे वाढलेली आढळली. गाळातील जुनी नोंद वाचण्याची किल्ली अशा रीतीने आजच्या समुद्रात तपासून घेता आली.

ओमानजवळच्या गाभ्यांत सुमारे दहा ते आठ हजार वर्षांपूर्वीच्या थरांत ही कवचे अधिक असून नंतर ती कमी होत गेली आहेत. त्या काळी अक्षाच्या डुलत्या गतीमुळे उत्तर गोलार्धाला उन्हाळ्यात आजच्यापेक्षा अधिक ऊन मिळत होते आणि मान्सूनचे वारे जोरदार होते. मात्र येथे वाचकाने सावध राहिले पाहिजे. ही कवचे वाऱ्याची साक्ष देतात, पावसाची नव्हे. ओमानच्या किनाऱ्यावर वारा जोरात होता म्हणून सोलापूर-धाराशिवकडे पाऊस भरपूर झाला, असा निष्कर्ष केवळ त्यांच्यावरून काढता येत नाही. त्यासाठी गुहांतील चुन्याचे लवणस्तंभ, तळ्यांतील गाळ अशा इतर साक्षीदारांकडे जावे लागते. वृत्तपत्रांतून 'हजारो वर्षांच्या पावसाचा इतिहास उलगडला' अशा मथळ्याखाली येणारे वृत्त वाचताना ही मर्यादा विसरली जाते.

अलीकडे एक नवीच गोष्ट पुढे आली आहे. कारखाने, वाहने यांतून हवेत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा वाटा समुद्र शोषून घेतो. त्यामुळे औद्योगिक युगापासून पृष्ठजलाचा सामू सुमारे ०.१ ने घटला आहे आणि कवच रचण्यासाठी लागणारे कार्बोनेट कमी झाले आहे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील समुद्रात आज जगणाऱ्या जीवांची कवचे तेथीलच गाळातील काही हजार वर्षांपर्यंतच्या जुन्या कवचांपेक्षा ३० ते ३५ टक्के हलकी भरतात, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. त्या अभ्यासातील जाती ग्लोबिजेरिना बुलॉइड्स हीच होती. पातळ कवच तळाशी पोहोचल्यावर जाड कवचापेक्षा लवकर विरघळते. म्हणून आजच्या समुद्राचा गाळ पुढे कधी वाचला जाईल, तेव्हा कवचांच्या गणतीबरोबर त्यांचे वजनही मोजून पाहावे लागेल.