टायमरपासून ड्राइव्हपर्यंत : शिरोलीच्या कारखान्यांना लागणारे इलेक्ट्रॉनिक्स

कोल्हापूरलगतची शिरोली औद्योगिक वसाहत फाउंड्री आणि मशिनिंगसाठी ओळखली जाते. त्यामुळे येथील नोकरी म्हणजे भट्टी किंवा लेथ, आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्याने पुणे-बंगळूरच गाठावे, असा अनेक पालकांचा समज असतो. मात्र सीएनसी यंत्र, ब्लोअर किंवा पंप यांच्या मोटरचा वेग जेथे गरजेनुसार बदलावा लागतो, तेथे विद्युत पुरवठा आणि मोटर यांच्यामध्ये इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह बसवलेला असतो आणि त्याच्या मुळाशी पल्स-विड्थ मॉड्युलेशन, अर्थात पीडब्ल्यूएम, हे तंत्र असते.

पीडब्ल्यूएममध्ये व्होल्टेज अतिशय वेगाने चालू-बंद करून, प्रत्येक आवर्तनातील चालू काळाचे प्रमाण बदलले जाते. या प्रमाणाला ड्यूटी सायकल म्हणतात आणि त्यावर मोटरला मिळणारे सरासरी व्होल्टेज ठरते. ४१५ व्होल्टचा त्रिफेज पुरवठा डीसीमध्ये बदलून, तोच डीसी अशा पल्सच्या रूपाने मोटरला दिला आणि ड्यूटी सायकल साइन लहरीप्रमाणे कमी-अधिक करत नेली, की ५० हर्ट्झऐवजी हव्या त्या वारंवारतेचा प्रवाह मिळतो व मोटरचा वेग बदलता येतो.

हे पल्स मायक्रोकंट्रोलरमधील हार्डवेअर टायमर निर्माण करतो. टायमर म्हणजे क्लॉकचे ठोके स्वतंत्रपणे मोजणारा गणक. त्याची मोजणी ठरवून दिलेल्या आकड्याशी जुळताच तो पिनची स्थिती स्वतःच बदलतो. अर्डुइनो उनोवरील एटीमेगा३२८पी या चिपचा क्लॉक १६ मेगाहर्ट्झचा असल्याने, टायमर-१ ने ० ते ७९९ असे ८०० ठोके मोजल्यास २० किलोहर्ट्झचे पल्स मिळतात आणि तुलनेचा आकडा १९९ ठेवल्यास ड्यूटी सायकल २५ टक्के होते. हेच काम प्रोग्रॅममधील विलंबाच्या आज्ञांनी केले, तर प्रोसेसर दुसऱ्या कामात गुंतताच पल्सची रुंदी ढळते. ड्राइव्हमध्ये एकावर एक जोडलेले दोन स्विच क्षणभरही एकाच वेळी चालू राहिल्यास थेट शॉर्टसर्किट होते. म्हणून अशा कामासाठीचे प्रगत टायमर दोन्ही स्विच बंद राहतील असा अल्प अवकाश, म्हणजे डेड टाइम, स्वतःहून राखतात.

या क्षेत्राकडे जाणाऱ्या वाटा अनेक आहेत. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक अभ्यासक्रम किंवा तीन वर्षांची पदविका घेता येते. पदविकाधारकाला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो, तर बारावी विज्ञानानंतर एमएचटी-सीईटीद्वारे चार वर्षांची अभियांत्रिकी पदवी करता येते. फाउंड्री-मशिनिंगच्या पट्ट्यात अशा विद्यार्थ्याला वाव असतो तो मुख्यतः ड्राइव्हची देखभाल, कंट्रोल पॅनेल आणि ऑटोमेशन यांत. ड्राइव्हची रचना करणारी कामे पुण्यासारख्या शहरांत अधिक असतात, ही वस्तुस्थिती निवडीपूर्वी लक्षात घ्यावी. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ नुसार विद्यावेतनासह मिळणारे प्रशिक्षण यंत्राचा प्रत्यक्ष परिचय करून देते.

तयारी मात्र पहिल्या वर्षापासून, साध्या बोर्डवर आणि बारा व्होल्टच्या आत करावी. ड्राइव्हमधील कपॅसिटरवर सुमारे ५८५ व्होल्ट असतात आणि पुरवठा तोडल्यावरही ते काही काळ टिकतात, म्हणून प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीशिवाय तो उघडू नये. पालकांनी पाल्याच्या प्रमाणपत्रांची संख्या पाहण्याऐवजी त्याने टायमरचे आकडे स्वतः काढले का, महाविद्यालयातील ऑसिलोस्कोपवर लहर मोजली का आणि दोहोंतील फरकाचे कारण तो सांगू शकतो का, हे विचारावे; कारण बंद पडलेल्या यंत्रासमोर उभ्या राहणाऱ्या तंत्रज्ञाकडून कारखान्याला नेमकी हीच क्षमता हवी असते.