खुशीचे देणे आणि सक्तीचे घेणे : हॉटेलच्या बिलातील सेवाशुल्काचा विचार

हडपसरचे रूप गेल्या पंचवीस वर्षांत पालटले आहे. मगरपट्टा सिटी आणि अमनोरा परिसरातील कचेऱ्या, सोलापूर रस्त्यालगतची उपाहारगृहे, मॉल, घरपोच जेवण पोहोचविणारे तरुण हे सारे आता येथील रोजच्या जीवनाचा भाग आहेत. सय्यदनगरसारख्या वस्त्यांतील मुस्लिम कुटुंबांचा या व्यवसायाशी तिहेरी संबंध येतो. कोणी सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांसह जेवायला जाणारा ग्राहक असतो, कोणी लहानमोठ्या हॉटेलचा मालक असतो, तर कोणाचा मुलगा किंवा भाऊ तेथे वाढप्याचे काम करीत असतो. म्हणून बिलाच्या तळाशी छापलेली ‘सर्व्हिस चार्ज’ ही ओळ तिघांच्याही हलाल-हरामाशी निगडित असलेली बाब आहे.

या ओळीचा हिशेब आधी नीट समजून घेऊ. समजा, सहा जणांच्या कुटुंबाच्या जेवणाचे २,००० रुपये झाले. त्यावर १० टक्के सेवाशुल्क म्हणजे २०० रुपये जोडले. मग २,२०० रुपयांवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ११० रुपये. एकूण २,३१० रुपये. सेवाशुल्क नसते तर हेच बिल २,१०० रुपये झाले असते. जीएसटी हा सरकारी कर आहे आणि तो सरकारजमा होतो. सेवाशुल्क मात्र कर नाही; ती रक्कम हॉटेलचालकाकडे जाते. दोन्ही ओळी एकाखाली एक छापल्या जात असल्याने अनेकांना दोन्ही कर सरकारीच वाटतात आणि ते निमूटपणे पैसे भरून उठतात.

कायदा काय सांगतो?

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने एप्रिल २०१७ मध्येच सेवाशुल्क ऐच्छिक असल्याचे स्पष्ट केले होते. पुढे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांचा आशय असा : कोणत्याही हॉटेलने बिलात सेवाशुल्क आपोआप जोडू नये, ते दुसऱ्या नावानेही वसूल करू नये, ते ऐच्छिक आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे, ते न देणाऱ्याला प्रवेश किंवा सेवा नाकारू नये, आणि ते बिलात मिळवून एकूण रकमेवर जीएसटी आकारू नये.

हॉटेलचालकांच्या दोन राष्ट्रीय संघटनांनी या तत्त्वांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले आणि त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली. २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी याचिका फेटाळल्या, सक्तीचे सेवाशुल्क ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे ठरविले आणि प्रत्येक याचिकाकर्त्या संघटनेला एक लाख रुपये खर्च भरण्यास सांगितले. ग्राहकाने स्वेच्छेने टीप देण्यास मात्र कोणतीही मनाई नाही. या निकालाविरुद्ध संघटनांनी खंडपीठाकडे अपील केले. न्यायालयातील वाद आपल्या मार्गाने चालत राहील. परंतु श्रद्धावंत माणसापुढील प्रश्न त्याहून जुना आहे. दुसऱ्याच्या खिशातील पैसा आपल्यासाठी हलाल केव्हा होतो?

संमतीचा निकष

दिव्य कुरआनच्या सूरह अन्-निसामधील २९ व्या आयतीत श्रद्धावंतांना एकमेकांची संपत्ती अन्यायाने खाण्यापासून रोखले आहे आणि परस्परांच्या राजीखुशीने होणाऱ्या व्यापाराला त्यातून वगळले आहे. म्हणजे व्यवहार हलाल होण्यासाठी दोन्ही बाजूंची संमती हा पाया ठरला. आदरणीय पैगंबर मुहम्मद (स.) यांनीही हेच शिकविले की, माणसाची संपत्ती त्याच्या मनाच्या खुशीवाचून दुसऱ्याला हलाल होत नाही (मुस्नद अहमद).

मनाची खुशी म्हणजे काय, हे समजण्यासाठी त्याच सूरहची ४ थी आयत पाहावी. तेथे पत्नीने महरमधील काही भाग मनाच्या खुशीने सोडला तरच तो पतीने घ्यावा, असे सांगितले आहे. सासरच्या मंडळींसमोर संकोचाने दिलेला होकार ही खुशी नव्हे, हे आपण जाणतो. मग पाहुण्यांसमोर, मुलांसमोर, ‘दोनशे रुपयांसाठी हुज्जत घालतो’ असे कोणी म्हणू नये म्हणून दिलेल्या पैशाला खुशीचे देणे कसे म्हणावे? ओठांवर ‘राहू द्या’ आणि मनात कटुता, अशा रकमेपासून व्यापाऱ्याने दूर राहण्यातच ईशभय आहे.

येथे हॉटेलचालकांचा युक्तिवादही प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. ते म्हणतात, ‘मेनूकार्डावर आम्ही सेवाशुल्क छापतो, दारावर फलक लावतो. ग्राहक ते वाचून बसला म्हणजे त्याने अट मान्य केली.’ मुसलमान आपल्या अटींना बांधील असतात, हे हदीसचे तत्त्व (अबू दाऊद, तिरमिजी) या युक्तिवादाला वरवर बळ देते. ज्याला अट स्पष्ट सांगितली गेली आणि ज्याने समजून-उमजून होकार दिला, त्याने जेवण झाल्यावर शब्द फिरवणे शोभत नाही, हेही खरे. परंतु अट बंधनकारक होण्यासाठी ती माहीत असावी लागते. मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली ओळ, किंवा सरकारी करासारखे भासणारे नाव, यांतून खरी संमती उभी राहत नाही. शिवाय देशाच्या कायद्याने जी रक्कम ऐच्छिक ठेवली आहे, ती ऐच्छिक असल्याचे लपवून घेणे ही अट नसून फसवणूक होते.

मग मालकाने आपला खर्च भागवायचा कसा? त्याचे उत्तर सोपे आहे : पदार्थाची किंमतच तेवढी ठेवावी आणि ती उघडपणे लिहावी. मदीना येथे एकदा भाव वाढले, तेव्हा लोकांनी पैगंबर (स.) यांना दर ठरवून देण्याची विनंती केली. त्यांनी ती मान्य केली नाही, कारण कोणाच्याही जीविताविषयी वा मालमत्तेविषयी अन्यायाचा दावा आपल्यावर नसताना अल्लाहला भेटावे, अशी त्यांची इच्छा होती (अबू दाऊद, तिरमिजी). व्यापाऱ्याला आपली किंमत ठरविण्याचे स्वातंत्र्य आहे, आणि सेवाशुल्काच्या तत्त्वांनीही ते काढून घेतलेले नाही. बिर्याणीची थाळी २५० ऐवजी २७५ रुपयांना विकणे वैध आहे. २५० रुपये सांगून बसवणे आणि उठताना २७५ घेणे, यात मात्र संमतीचा पायाच डळमळतो.

मजुरी आणि बक्षिसी यांतील भेद

सेवाशुल्काच्या समर्थनार्थ सर्वांत मनाला भिडणारी गोष्ट सांगितली जाते ती अशी की, हा पैसा गरीब कर्मचाऱ्यांसाठी असतो. म्हणूनच या मुद्द्यावर अधिक सावधपणे विचार केला पाहिजे.

इस्लाममध्ये मजुरी हा मजुराचा हक्क आहे आणि तो देण्याची जबाबदारी ज्याने कामावर ठेवले त्याची आहे. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण (इब्ने माजा) आपल्या घराघरांत मुलांनाही पाठ असते. बुखारीतील एका हदीसे कुदसीत तर अल्लाहने कियामतच्या दिवशी तीन माणसांच्या विरोधात स्वतः उभे राहण्याचा इशारा दिला आहे. त्यांपैकी एक तो, ज्याने मजुराकडून पुरे काम करून घेतले आणि मजुरी दिली नाही. फुकहांनी असेही सांगितले आहे की, मजुरी आधीपासून निश्चित आणि ज्ञात असावी. ‘पगार थोडा आहे, पण टिपा चांगल्या मिळतात’ असे सांगून मुलाला कामावर ठेवणारा मालक आपल्यावरील निश्चित हक्क ग्राहकाच्या अनिश्चित मर्जीवर ढकलतो. किमान वेतनाचे बंधन आपल्या देशात १९४८ च्या कायद्यापासून चालत आले आहे. टीप मिळते म्हणून ते सैल होत नाही.

आणि जर मालकाने कर्मचाऱ्यांच्या नावाने पैसे गोळा केले, तर ती रक्कम त्याच्या हाती अमानत होते. सूरह अन्-निसाच्या ५८ व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांना पोहोचविण्याची आज्ञा आहे. त्या पैशातून फुटलेल्या बशा, वीजबिल किंवा स्वतःचा नफा भागविणे ही सरळ खियानत आहे. टिपा एका पेटीत जमवून सर्वांत वाटायच्या असतील, तर वाटणीचा नियम सर्वांना ठाऊक असावा आणि पाठीमागे भांडी घासणाराही त्यातून सुटू नये.

वरचे देणे : पैगंबर (स.) यांचा आदर्श

सक्ती नको, याचा अर्थ देणेच नको असा कोणी घेऊ नये. सेवाशुल्क बिलातून काढून घ्यायचे आणि वाढप्याकडे न पाहता उठून जायचे, हा कायद्याचा विजय असेल, चारित्र्याचा नव्हे.

सुवैद बिन कैस (रजि.) सांगतात की, पैगंबर (स.) यांनी त्यांच्याकडून एक वस्त्र विकत घेतले. तेथे मजुरीवर वजन करणारा एक माणूस होता. पैगंबर (स.) यांनी त्याला तोलताना पारडे किंचित झुकते ठेवण्यास सांगितले (अबू दाऊद, तिरमिजी). विकणाऱ्याने मागितले नव्हते, अट नव्हती. देणाऱ्याने आपणहून झुकते माप दिले. वरकड देण्याचा हाच खरा नमुना आहे.

दुसरी हदीस तर जणू जेवणाच्या टेबलासाठीच आहे. सेवक जेवण घेऊन आला तर त्याला सोबत बसवावे, आणि तसे शक्य नसेल तर निदान घास-दोन घास त्याच्या हाती द्यावेत, कारण त्या अन्नाची धग आणि कष्ट त्याने सोसलेले असतात (बुखारी). सोबत बसविणे हॉटेलात शक्य नसले, तरी त्याचा भाव शक्य आहे : वाढप्याला ‘ए’ म्हणून न पुकारणे, मुलांच्या हाताने त्याला पैसे देताना ‘शुक्रिया’ म्हणायला शिकविणे, सांडलेले अन्न आवरायला त्याला मदत करणे.

तिसरा आदर्श अबू तैबा (रजि.) यांचा. त्यांनी पैगंबर (स.) यांची रक्तमोक्षण-चिकित्सा केली, तेव्हा आपण (स.) त्यांना धान्याच्या रूपात मोबदला दिलाच, पण त्यांच्या मालकांशी बोलून त्यांच्यावरील ठराविक वसुलीही कमी करविली (बुखारी). कष्टकऱ्याच्या हाती काही ठेवणे पुण्याचे आहे. त्याच्या मालकाशी त्याच्यासाठी दोन शब्द बोलणे त्याहून दूरवर पोहोचते.

मात्र दिलेल्याचा उच्चार करून आणि मन दुखावून दान वाया घालवू नये, ही सूरह अल्-बकरामधील २६४ व्या आयतीची ताकीद टीप देणाऱ्यालाही लागू आहे. नोट टेबलावर भिरकावणारा पैसे देऊनही रिकामाच राहतो. आणि हेही लक्षात ठेवावे की, टीप जकातच्या हिशेबात धरता येत नाही. जकातचे हक्कदार आणि नियम वेगळे आहेत.

बक्षिसी लाच केव्हा बनते?

जकात वसुलीसाठी नेमलेला एक अधिकारी परतला आणि म्हणाला की, एवढे तुमचे आणि एवढे मला भेट मिळाले. त्यावर पैगंबर (स.) यांनी विचारले की, तो आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर त्याला ही भेट मिळाली असती का (बुखारी, मुस्लिम). या प्रश्नावर आजची अनेक ‘चहापाणी’ आणि ‘खुशाली’ तपासून पाहता येते. बाळ जन्मल्यावर रुग्णालयातील सेवकाने पैसे मिळेपर्यंत बाळ न दाखविणे, सरकारी खिडकीवर कागद पुढे सरकविण्यासाठी हात पुढे करणे, ही बक्षिसी नव्हे. हक्काची सेवा अडवून घेतलेला पैसा घेणाऱ्याला हराम आहे.

हाच धागा नव्या व्यवहारातही दिसतो. मे २०२५ मध्ये केंद्रीय प्राधिकरणाने उबर या प्रवासी-सेवेला नोटीस पाठविली, कारण गाडी लवकर मिळावी म्हणून प्रवाशाला आगाऊ टीप देण्यास प्रवृत्त केले जात होते. सेवेनंतर कृतज्ञतेने दिलेली रक्कम आणि सेवेपूर्वी अडवणुकीच्या भीतीने दिलेली रक्कम, नाव एक असले तरी यांची जात वेगळी आहे.

आचरणासाठी

ग्राहकाने बसण्यापूर्वी विचारून घ्यावे. बिलात सेवाशुल्क जोडलेले असेल आणि मन राजी नसेल, तर ते काढण्यास गल्ल्यावर शांतपणे सांगावे. त्यात लाज नाही. वाढप्याशी वाद घालू नये, कारण ती ओळ त्याने छापलेली नसते. ऐकले न गेल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे. आणि मग आपल्या ऐपतीप्रमाणे वाढप्याच्या हाती थेट द्यावे.

मालकाने किंमत उघड, पगार निश्चित आणि टिपेचा हिशेब स्वच्छ ठेवावा. कर्मचाऱ्याने देणाऱ्या आणि न देणाऱ्या ग्राहकाची सारख्याच मनाने सेवा करावी. त्याची मजुरी मालकाकडे आहे आणि त्याची रोजी अल्लाहकडे.

पालकांनी या महिन्यात एक गोष्ट करून पाहावी : बाहेर जेवायला गेल्यावर बिल मुलांच्या हाती द्यावे, त्यातील किंमत, कर आणि सेवाशुल्क वेगळे करून दाखवावे, आणि यांपैकी हक्काचे काय व खुशीचे काय, हे त्यांनाच विचारावे. हलाल कमाईचे धडे आपण मुलांना देतोच. हलाल खर्चाचा धडाही त्यांना मिळायला हवा.

अल्लाह आपल्या देण्यात खुशी, घेण्यात पावित्र्य आणि व्यवहारात न्याय देवो. आमीन.