थंड पाण्यातला मासा

मुलांनो, आपल्या कामठीजवळून कन्हान नदी वाहते. तिच्यात ट्राउट मासा मिळत नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. ट्राउटला थंड, वाहते पाणी लागते, कारण थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो.

इंग्रजांच्या काळात, १९०० च्या सुमारास, हा मासा काश्मीरमध्ये आणला गेला. पहलगामच्या लिद्दर नदीत तो गळाने पकडतात. पण आधी मत्स्य विभागाचा परवाना काढावा लागतो. (हा शब्द तर तुमच्या उर्दूतलाच!) ज्या भागाचा परवाना, तेथेच गळ टाकायचा. सोबत तेथील माहीतगार माणूस घ्यावा. पाण्याला जोर असतो, दगड निसरडे असतात.

लहान मासा सापडला तर हात ओले करून त्याला सोडावे. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडतो.