वाटेवरचे थांबे

नाताळच्या सुटीला चार दिवस उरले होते. नागपुरातील एका घरी गोंदिया जिल्ह्याच्या सहलीचा बेत चालला होता. घरची मोटार बाबा चालविणार होते. आजोबांनी अनेक वर्षे एस. टी. ची गाडी चालविली होती. तेव्हा वाटेवरचे थांबे तेच ठरवितील, असे सर्वांना वाटले. परंतु आजोबांनी ते काम सहावीतल्या नातवावर सोपविले.

नातवाने नकाशा पसरला आणि वही उघडली. थोड्याच वेळात त्याची यादी तयार झाली. पहाटे निघावयाचे, नागझिरा पाहावयाचे, तेथून नवेगावबांध, इटियाडोह धरण, हाजरा धबधबा, आणि रात्री आठ वाजता गोंदियास मुक्काम. हे सारे एकाच दिवसात!

आजोबांनी चष्मा लावून यादी वाचली. "ठिकाणे चांगली निवडलीस. पण हिच्यात गाडीचा थांबा कोठे आहे? आणि तुझ्या बाबांचा?"

नातू गोंधळला. तेव्हा आजोबा म्हणाले, "एक जुनी गोष्ट सांगतो. १८८८ साली जर्मनीत बर्था बेंझ नावाची बाई आपल्या दोन मुलांना घेऊन मोटारीने माहेरी निघाली. मोटार तिच्या पतीने, कार्ल बेंझने, बनविलेली होती. मानहाइमपासून फोर्त्सहाइमपर्यंतचा तो सुमारे १०६ किलोमीटरांचा प्रवास म्हणजे जगातील मोटारीचा पहिला लांबचा प्रवास. पेट्रोलपंप तर तेव्हा नव्हतेच. इंधन संपत आले, तेव्हा वीस्लॉख गावी तिने औषधांच्या दुकानातून ते विकत घेतले. इंजिन तापे, म्हणून जागोजागी पाणी भरले. ब्रेक झिजले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ते औषधांचे दुकान जगातील पहिला पेट्रोलपंप म्हणून आज प्रसिद्ध आहे. मोटारीची आवड असणारे प्रवासी मुद्दाम तेथे थांबतात."

"म्हणजे थांबे तिला वाटेत शोधावे लागले!" नातू म्हणाला.

"होय. ते आपण आधी ठरवू शकतो. टायरमधील हवा निघण्यापूर्वी, टायर थंड असताना तपासावी. चालविणाऱ्याने दर दोन तासांनी पाय मोकळे करावेत. कारण इंजिन तापले तर काटा दाखवितो. माणूस थकला तर त्याला स्वतःलाही ते लवकर कळत नाही."

नातवाने पहिला थांबा लिहिला : साकोली. नागपूरपासून ती सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. भंडाऱ्यास वैनगंगा ओलांडून तेथवर पोहोचेपर्यंत दोन तास सहज होतात. हा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३. पूर्वी त्याचा क्रमांक ६ होता. २०१० साली महामार्गांना नवे क्रमांक देण्याचे ठरले. पूर्व-पश्चिम महामार्गांस विषम व दक्षिणोत्तर महामार्गांस सम क्रमांक, असा त्यात नियम आहे. कडेच्या दगडाचा माथा पिवळा असला तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला तर राज्य महामार्ग, हेही आजोबांनी सांगितले. असा दगड वाचावयास शिकलेला मुलगा सहसा वाट चुकत नाही.

मग यादीला कात्री लागली. हाजरा धबधबा सालेकशाजवळ, दरेकशाच्या डोंगरात आहे. त्याचे खरे रूप पावसाळ्यात दिसते. डिसेंबरात वाकडी वाट करून तेथे जाण्यात अर्थ नव्हता. नागझिऱ्याच्या जंगलात ठरावीक वेळीच प्रवेश मिळतो आणि परवाना आधी काढावा लागतो. तो काढलेला नव्हता. म्हणून तेही पुढील खेपेस ठेवले.

उरले नवेगावबांध आणि इटियाडोह. साकोलीच्या पुढे कोहमाऱ्याला महामार्ग सोडून दक्षिणेकडे वळले की नवेगावबांध लागते. तेथील विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधला, अशी परंपरा आहे. ज्या टेकड्यांच्या मध्ये त्याने पाणी अडविले, त्यांना 'सात बहिणी' म्हणतात. तलाव बांधण्याच्या कामी कोहळी समाज या भागात पिढ्यान्‌पिढ्या विख्यात आहे. येथील भातशेती अशा तलावांच्या आधाराने उभी राहिली. थंडीत दूरदूरचे पक्षी येथे उतरतात. तेथून पुढे गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे.

"मग रात्री आठला गोंदिया!" नातू म्हणाला.

आजोबांचा चेहरा गंभीर झाला. "डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. कोहमाऱ्याहून गोंदियास जाणारा रस्ता मुर्दोलीच्या जंगलातून जातो. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तेथेच रात्री एका मोटारीची धडक बसून तरुण वाघ दगावला. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. समोर प्राणी दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद जातो. ब्रेक लागल्यावरही गाडी आणखी कितीतरी धावते. वेग निम्मा केला, तर ते पुढचे अंतर चौथा हिस्सा उरते. रस्ता माणसांनी बांधला; पण जंगल त्याच्या दोन्ही बाजूंस आहे आणि त्यातील प्राण्यांना इकडून तिकडे जावेच लागते."

नातू बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. मग त्याने 'रात्री आठ, गोंदिया' ही ओळ खोडली आणि लिहिले : 'मुक्काम, नवेगावबांध. मुर्दोली दुसऱ्या दिवशी, उजेडात.' गोंदियाजवळचा परसवाडा तलाव त्याने दुसऱ्या दिवसावर घेतला. महाराष्ट्रात सारस पक्षी आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरले आहेत. ते भाताच्या बांध्यांत घरटी करतात.

सहल ठरल्याप्रमाणे झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुर्दोलीचे जंगल लागताच बाबांनी वेग कमी केला. एका वळणावर एक चितळ रस्ता ओलांडून गेले. बाबा गाडी पुढे घेणार, तोच आजोबा म्हणाले, "थांब. एक गेले की मागून दुसरे येते." गाडी थांबली. कोणी खाली उतरले नाही, हॉर्न वाजविला नाही. क्षणभराने झाडीतून आणखी तीन चितळे आली आणि पलीकडे नाहीशी झाली.

नातवाने वही उघडून यादीत एक नवा थांबा लिहिला : 'मुर्दोली. दोन मिनिटे. चितळांसाठी.'

शब्दार्थ : विस्तीर्ण – फार मोठा, पसरलेला, विख्यात – प्रसिद्ध, दगावणे – मरण पावणे, बांधी – बांध घातलेले भाताचे शेत.

स्वाध्याय
१. बर्था बेंझला वाटेत कोणकोणत्या अडचणी आल्या? तिने त्या कशा दूर केल्या?
२. हाजरा धबधबा व नागझिरा यादीतून का वगळले?
३. 'रात्री आठ, गोंदिया' ही ओळ नातवाने का खोडली?
४. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात किती मीटर जाईल?
५. आपल्या गावाहून एका दिवसाच्या सहलीचे थांबे ठरवा आणि प्रत्येक थांब्याचे कारण लिहा.