खारीचा आहार, तिचे आरोग्य आणि शेतकऱ्याचे हित

‘खारीचा वाटा’ हा शब्दप्रयोग मराठी माणसाच्या सदैव तोंडी असतो. सेतू बांधताना खारीने अंगाला चिकटलेली वाळू आणून टाकली, प्रभू रामचंद्रांनी तिच्या पाठीवरून बोटे फिरविली व तेच पट्टे उमटले, अशी लोककथा आहे. परंतु हीच खार भंडारा जिल्ह्यातील एखाद्या परसात पेरू कुरतडताना दिसली की शेतकरी दगड उचलतो, आणि ऐनाच्या झाडावर कोसा पाळणारा ढिवर बांधव तर तिला शत्रूच समजतो. तिला शत्रू ठरवावे की मित्र, याचा निर्णय करण्यापूर्वी ती काय खाते व निरोगी कशी राहते, हे समजून घेणे हिताचे आहे.

खारीची ओळख

आपल्याकडील लहान खार पाठीवरील पट्ट्यांवरून ओळखावी. तीन पट्ट्यांची व पाच पट्ट्यांची असे तिचे दोन प्रमुख प्रकार आहेत. तिचे वजन सुमारे १०० ग्रॅम भरते. ती उंदराप्रमाणे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातील असली, तरी तिची राहणी उंदराहून भिन्न आहे. उंदीर बहुधा रात्री हिंडतो; खार दिवसा. शेतातील उंदीर बांधात बिळे करतो. खार झाडाच्या बेचक्यात, ढोलीत किंवा घराच्या कौलांखाली गवत, काथ्या व कापूस जमवून घरटे करते. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व उपाय त्यावरच अवलंबून आहेत.

ऋतुमानाप्रमाणे आहार

खार केवळ फळांवर जगत नाही. बिया, कोवळे कोंब, कळ्या, फुले, फुलांतील मध, झाडाची साल, किडे व अळ्या असा तिचा मिश्र आहार असतो. क्वचित ती पक्ष्यांची अंडीही खाते. उन्हाळ्याच्या आरंभी पळस फुलला की ती फुलांतील मध चाखते. तसे करताना तिच्या तोंडाला पराग लागून ते दुसऱ्या फुलावर जातात. पळसाच्या परागीभवनात शिंजिर पक्ष्याबरोबर खारीचाही उपयोग होतो, असे वनस्पतिशास्त्रीय अभ्यासात आढळले आहे. पळस हा लाखेच्या किड्याचे आश्रयस्थान असल्याने ही गोष्ट लहान नव्हे. मात्र लाखेच्या कांड्या कुरतडून खारी नुकसानही करतात, हेही तितकेच खरे.

ती निरोगी कशी राहते?

खारीचे पुढचे दात आयुष्यभर वाढत असतात. कठीण बिया, साल व लाकूड कुरतडल्याने ते झिजून योग्य लांबीचे राहतात. केवळ मऊ अन्न मिळाल्यास दात वाढून तिला खाणे अशक्य होते व ती उपाशी मरते. आहारातील विविधता हेच तिचे औषध होय. भर उन्हात ती सावलीत विसावते आणि सकाळ-संध्याकाळी चरते. मांजर, साप व शिकारी पक्षी हे तिचे शत्रू होत. त्यांची चाहूल लागताच ती चिकचिक आवाज करून इतरांना सावध करते. म्हणून जुनी, ढोलीची झाडे व बांधावरील झाडी टिकली, तर खारीला अन्न व आसरा दोन्ही मिळतात आणि घराकडे येण्याचे तिला कारण उरत नाही.

कोसा व फळे यांचे रक्षण

ऐन व अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या कोशाच्या अळ्या खार व पक्षी खातात. अळ्या लहान असताना झाडांवर नायलॉनची जाळी टाकावी व दिवसा राखण ठेवावी. खार दिवसाच येत असल्याने राखणीचा उपयोग होतो. परसातील पेरू पिकू लागण्यापूर्वी फळांना कापडी किंवा कागदी पिशव्या बांधाव्यात. वाळत घातलेल्या शेंगा सायंकाळपर्यंत उघड्या ठेवू नयेत.

विष ठेवताना सावधगिरी

खरा धोका उंदरांच्या विषातून उद्भवतो. झिंक फॉस्फाईड पोटातील आम्लाशी मिसळताच विषारी वायू सुटतो व त्यावर खात्रीचा उतारा नाही. हे आमिष बांधावर उघडे टाकले, तर सकाळी ते खार, कोंबडी, पाखरू व प्रसंगी लहान मूलही उचलेल. म्हणून पुढील क्रम पाळावा. प्रथम सायंकाळी सर्व बिळे चिखलाने बंद करावीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलेली बिळेच जिवंत समजावीत. तेथे एक-दोन दिवस विषाविना आमिष ठेवून उंदरांना सवय लावावी. त्यानंतर विषारी आमिषाची कागदी पुडी बिळात खोल सारून तोंड बंद करावे. हातमोजे वापरावेत, उरलेले आमिष व मेलेले उंदीर खोल पुरावेत. विषबाधेचा संशय येताच विलंब न करता, औषधाचे वेष्टन सोबत घेऊन, रुग्णास दवाखान्यात न्यावे.

घरट्यातून पडलेले पिल्लू

पिल्लू सापडल्यास त्यास गाईचे दूध, बिस्किट किंवा फरसाण देऊ नये. पिल्लास इजा नसेल, तर झाडाखाली सावलीत, मांजरापासून सुरक्षित ठेवावे. आई बहुधा घेऊन जाते. ती न आल्यास वनखात्यास कळवावे. खार पाळू नये. तिने चावा घेतल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावी. खारी पकडणे वा मारणे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ या कायद्याशी निगडित असल्याने वनखात्यास विचारल्यावाचून तसे काहीही करू नये.

गावसभेत चर्चेसाठी

१. आपल्या गावात उंदरांचे विष कोठे व कसे ठेवले जाते?
२. ढोली असलेली किती जुनी झाडे गावात उरली आहेत?
३. कोशाच्या राखणीसाठी शेजाऱ्यांनी पाळी वाटून घेता येईल काय?

या तीन प्रश्नांची उत्तरे मिळून शोधली, तर शेतही राखले जाईल आणि खारीचा वाटाही तिला मिळेल.