नाताळच्या सुट्टीत आपण काय पाहिले?



नाताळची सुट्टी संपली. करंज्यांचे डबे रिकामे झाले, मुले पुन्हा शाळेत जाऊ लागली आणि गोठ्यातील मूर्ती कापसात गुंडाळून माळ्यावर ठेवण्याची वेळ आली. या दिवसांत घराघरांतून चित्रपटही पुष्कळ पाहिले गेले, कुठे टीव्हीवर तर कुठे मोबाईलवर. "फादर, सणाच्या दिवसांत हे सारे पाहणे बरे की वाईट?" असे काही पालकांनी आम्हांला विचारले. या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' एवढेच उत्तर पुरत नाही. म्हणून आजचा हा पाठ.

ख्रिस्तसभा आणि पडदा

डोळ्यांनी पाहून श्रद्धा वाढते हे ख्रिस्तसभेला नवे नाही. १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी इटलीतील ग्रेच्चो गावी गव्हाण, गवत, बैल आणि गाढव आणून ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला. बेथलेहेमची गरिबी लोकांना प्रत्यक्ष दिसावी, हा त्यांचा हेतू होता. आपल्या घरातील गोठ्याचे मूळ तेथे आहे.

त्यांच्याच शिष्या संत क्लेअर १२५२ च्या नाताळच्या रात्री आजारी होत्या. त्यांना उपासनेला जाता आले नाही. परंपरा सांगते की, अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांना दूरच्या मंदिरातील उपासना दिसली आणि ऐकू आली. म्हणूनच १९५८ साली पोप बारावे पायस यांनी संत क्लेअर यांना दूरचित्रवाणीच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केले. आज आपल्या धर्मग्रामातील आजारी व वृद्ध माणसे घरबसल्या पडद्यावर मिस्सा पाहतात, तेव्हा या संतेची आठवण ठेवावी.

चित्रपटाविषयी पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली स्वतंत्र परिपत्रक काढले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली संपर्कमाध्यमांवर आदेशपत्र प्रसिद्ध केले. चित्रपटाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९९५ साली, व्हॅटिकनने ४५ उल्लेखनीय चित्रपटांची यादी दिली. धर्म, मूल्ये आणि कला असे तिचे तीन भाग होते. मूल्यांच्या भागात रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा 'गांधी' आहे आणि नाताळचा एक जुना अमेरिकन चित्रपटही आहे. त्याकडे आपण पुढे येऊच. तात्पर्य, ख्रिस्तसभा पडद्याची वैरीण नाही. फक्त डोळे उघडे ठेवून पाहा, एवढेच तिचे सांगणे आहे.

मुले हसतात, पण काय विसरतात?

'होम अलोन' (१९९०) हा चित्रपट बहुतेक मुलांना पाठ आहे. घरी एकटा राहिलेला आठ वर्षांचा केविन चोरांची फजिती करतो आणि आपण पोट धरून हसतो. माणसाच्या डोक्यावर इस्त्री पडते ते पाहून हसावे का, हे पालकांनी मुलांशी जरूर बोलावे. पण या चित्रपटात एक शांत प्रसंगही आहे. नाताळच्या आदल्या रात्री केविन चर्चमध्ये जातो. ज्या शेजारच्या म्हाताऱ्याला तो घाबरत असतो, तो तेथे त्याच्याजवळ येऊन बसतो. मुलाशी भांडण झाल्यामुळे त्या म्हाताऱ्याला नातीचे गाणे असे दुरूनच ऐकावे लागते. "मुलाला फोन करा," असे हा चिमुरडा त्याला सांगतो. चित्रपट संपताना बापलेकांची भेट होते.

चोरांची फजिती सगळ्यांच्या लक्षात राहते, हा प्रसंग राहत नाही. आपल्या घरांतून मात्र चोर क्वचितच येतात. जमिनीच्या वाटणीवरून अबोला धरलेले भाऊ पुष्कळ आहेत.

पुलावर उभा असलेला माणूस

आता तो जुना चित्रपट. फ्रँक काप्रा यांचा 'इट्स अ वंडरफुल लाईफ' १९४६ साली आला. तेव्हा त्याचा खर्चही भरून निघाला नाही. १९७४ साली त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण व्हायचे राहून गेले. त्यामुळे अमेरिकेतील वाहिन्या तो दर नाताळात फुकट दाखवू लागल्या आणि तो घरोघरी पोहोचला. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पोप चौदावे लिओ यांनी आपल्या आवडीचे चार चित्रपट सांगितले, त्यांत हाही होता.

कथा साधी आहे. जॉर्ज बेली लहान गावात पतसंस्थेसारखी एक संस्था चालवतो आणि गरिबांना घरासाठी कर्ज देतो. जग पाहण्याची त्याची इच्छा मनातच राहते. नाताळच्या आदल्या दिवशी त्याच्या काकांच्या हातून संस्थेचे आठ हजार डॉलर हरवतात. ते गावातील लोभी धनिकाच्या हाती पडतात आणि तो ते गुपचूप ठेवून घेतो. तुरुंग समोर दिसू लागल्यावर, आपल्या जगण्यापेक्षा आपल्या विम्याचे मोल अधिक आहे असे जॉर्जला वाटते. तो जीव द्यायला पुलावर जातो. तेथे एक देवदूत त्याला दाखवतो की, तो जन्मलाच नसता तर काय झाले असते. त्याने लहानपणी बर्फाच्या पाण्यातून वाचवलेला भाऊ मेला असता. त्या भावाने पुढे युद्धात वाचवलेले सैनिकही मेले असते.

हे दर्शन सुंदर आहे. तरी येथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते. 'तू इतक्यांच्या उपयोगी पडलास, म्हणून तुझे जीवन मोलाचे', एवढेच म्हटले तर ते अपुरे आहे. मग जो कोणाच्याच उपयोगी पडला नाही, त्याचे काय? वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या आईचे काय? नोकरी गेलेल्या बापाचे काय? माणसाचे मोल त्याच्या उपयोगावरून ठरत नाही. देवाने त्याला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले, म्हणून ते आधीच ठरलेले आहे. गव्हाणीतील बाळाने अजून एकही आजारी माणूस बरा केला नव्हता, एकही दाखला सांगितला नव्हता. तरी मेंढपाळ धावत आले. नाताळचा धडा हाच आहे.

चित्रपटाचा शेवटही नकळत हेच सांगतो. गावकरी जॉर्जच्या घरी पैसे घेऊन येतात, तेव्हा हिशेब कोणी विचारत नाही. लोभी धनिकाला शिक्षा होत नाही, हरवलेले पैसेही सापडत नाहीत. तरी जॉर्ज वाचतो, कारण लोक त्याच्या दारात आले.

अश्रूंचे काय करावे?

असे चित्रपट पाहताना डोळे भरून येतात. अ‍ॅरिस्टॉटल म्हणे की, शोकनाट्य पाहून मनातील भावनांचा निचरा होतो. संत ऑगस्टीन यांना तेवढे पुरेसे वाटले नाही. तरुणपणी कार्थेज नगरीत ते नाटकांचे वेडे होते. पुढे 'कन्फेशन्स' या ग्रंथात त्यांनी विचारले की, रंगमंचावरील दुःखासाठी आपण रडतो, पण तेथे मदतीला कोणी बोलावत नाही. मग ही कसली दया? प्रश्न बोचरा आहे. पडद्यावरचा जॉर्ज आपल्याकडे काही मागत नाही. त्याच्यासाठी रडणे सोपे आहे. कर्जात बुडालेला शेजारी मात्र आपला वेळ मागतो, कधी पैसेही मागतो.

आपल्या धर्मग्रामातही या नाताळात कोणी हसऱ्या चेहऱ्याने केक वाटला असेल आणि रात्री छताकडे बघत जागा राहिला असेल. अशा माणसाला उपदेश नको असतो, सोबत हवी असते. त्याच्या घरी जा, बसा, ऐका. आणि ज्याला स्वतःलाच जगणे नकोसे झाले आहे, त्याने एकटे राहू नये. चर्चचे दार केव्हाही ठोठवावे. सरकारची 'टेली मानस' ही मोफत सेवाही १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. मदत मागणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे.

कुटुंबात चर्चेसाठी

१. सुट्टीत पाहिलेल्या कोणत्या चित्रपटातील कोणता प्रसंग अजून आठवतो? का?
२. त्यात आपण कोणाला हसलो? त्या जागी आपला माणूस असता तर हसलो असतो का?
३. आपल्या नात्यात असा कोण आहे, ज्याला फोन करायचा राहून गेला आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तर चर्चा तेथेच थांबवावी आणि फोन करावा.

आपले धर्मगुरू